बावीस देशांचा हिरवा

अंगठ्याच्या नखाशी हिरवा ठिपका होता. साबणाने दोनदा घासूनही न निघालेला, ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि सभागृहाच्या प्रेक्षक-गॅलरीत पहिल्या रांगेत बसून ती तो ठिपका दुसऱ्या हाताखाली झाकत होती, पुन्हा उघडा करून बघत होती. शेजारच्या बाईला दिसला तर दिसू दे, असंही वाटत होतं. दिसला तर ती विचारेल, हे काय हो? आणि मग आपण अगदी सहज, काही विशेष नाही अशा सुरात, खालच्या भिंतीकडे बोट करून...

खालच्या भिंतीवर नऊ फूट रुंद नकाशा टांगला होता. तिचा नकाशा.

तेवीस वर्षं ती भूमापन खात्यात नकाशे काढत आली होती. गटारांचे, कालव्यांचे, भावाभावांच्या भांडणातल्या प्लॉटच्या हद्दींचे. नकाशावर काढणाऱ्याचं नाव नसतं, कोपऱ्यात खात्याचा शिक्का असतो. एकदा एक कालवा तिच्या रेषेवरून खणला गेला तेव्हा ती रजा काढून तो बघायला गेली होती, आणि काठावर उभ्या शेतकऱ्याला सांगावं की नाही या विचारातच परतीची बस आली होती. आणि आता हे! रविवारी सकाळी खात्याची गाडी दारात, सचिव स्वतः आत बसलेले, आई खिडकीतून डोकावून विचारते आहे, ‘अगं, काय केलंस तू?’

युद्ध करायचं की नाही यावर आज मतदान होतं. म्हणजे करायचं, हे सगळ्यांनी धरलंच होतं. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत जो तो सेनापती झाला होता. प्रश्न एवढाच होता की आपल्याबरोबर कोण. एकटं लढायला कुणाचीच तयारी नव्हती. म्हणून नकाशा हवा होता. एका नजरेत दिसायला हवं, बाई, सचिव म्हणाले होते, मागच्या बाकावरच्या झोपाळूलाही.

संरक्षणमंत्री उठले. हातात लांब छडी. छडीचं टोक नकाशावर टेकलं तशी ती ताठ बसली, जणू ते तिच्याच पाठीवर टेकलं होतं.

‘मोजा,’ मंत्री म्हणाले. ‘एक नाही, दोन नाही, बावीस! बावीस देश आज आपल्याबरोबर उभे आहेत. हा हिरवा रंग बघा. आणि मग सांगा, आपण एकटे आहोत?’

बाकं थडाथडा वाजली. गॅलरीतले लोकही टाळ्या वाजवायला लागले, पहारेकरी हात वर करून गप्प करतोय आणि कुणी ऐकत नाही. तिच्याही टाळ्या सुरू झाल्या होत्या. काय दिसत होता तो हिरवा! वरच्या दिव्यांत तो भिंतीवरून पुढे आल्यासारखा वाटत होता, समुद्रापासून समुद्रापर्यंत एकसलग. किती सुंदर झालाय, तिला वाटलं, आणि लगेच, कुणीतरी मागून पदर ओढावा तसं, आठवलं... तीन होते.

तीन हिरवे होते. सोमवारी तिने तीन बशांमध्ये रंग कालवला होता, कारण तिला दिलेल्या यादीत तीन रकाने होते. सैन्य पाठवणारे चार देश, त्यांना गडद. इंधन, औषधं, बंदरं देणारे सात, त्यांना मधला. आणि अकरा देश असे की त्यांनी लिहिलं होतं, आम्ही आपल्या भावना समजू शकतो. त्यांना फिकट, कोवळ्या पानासारखा. तिच्या टेबलाशेजारी बसणारा आखणीकार, ज्याला सगळं खातं ‘पट्टी’ म्हणत असे, तो त्या अकरांकडे बघून हसला होता. ‘हे उंटावरून शेळ्या हाकणारे. यांना रंग कशाला? उंट काढ एकेक.’

मंगळवारी सचिव आले. नकाशापुढे उभे राहिले, मान कलती करून.

‘हे चट्टेपट्ट्यांचं काय आहे?’

‘साहेब, यादीत तीन प्रकार...’

‘पाठिंबा म्हणजे पाठिंबा. त्यात फिकं-गडद काय? एकच हिरवा करा. गडद. आणि ती यादी द्या इकडे.’

आणि तिने केला. कुणी धमकी दिली नव्हती, हात पिरगाळला नव्हता. खरं सांगायचं तर (इथे तिने नख पुन्हा तळहाताखाली घेतलं) मला तो हुकूम आवडला होता. तीन हिरव्यांचा नकाशा गोधडीसारखा दिसत होता. एका हिरव्याचा असा उठून येणार हे मला सचिवांच्या आधी दिसलं होतं. ब्रश फिरत होता तेव्हा मी गुणगुणत होते. अकरा देश माझ्या हाताखाली पक्के होत गेले आणि मला कसला आनंद झाला होता!

काल दुपारी धाकट्या भावाचा फोन आला होता, छावणीतून. आवाजात नुसता उत्साह उतू जात होता. ‘ताई, बावीस देश आहेत म्हणे! आमचा सुभेदार म्हणतो, महिन्याभरात घरी. आईला सांग, उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस.’ आणि ती म्हणाली होती, ‘हो रे, बावीस. मीच तर रंगवले.’ ‘तू? अगं, काय सांगतेस!’ मग तो पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगत होता, माझी बहीण, माझ्या बहिणीने... आणि ती फोन धरून हसत राहिली होती. आईला निरोप द्यायचा राहूनच गेला होता.

खाली आता विरोधी बाकांवरून एक ठेंगणी म्हातारी उठली होती. चाळीस वर्षं शाळेत शिकवून राजकारणात आलेली. सभागृह तिला तोंडावर सन्माननीय सदस्या आणि पाठीमागे आजी म्हणे.

‘मंत्रिमहोदय, हे बावीस आपल्याबरोबर आहेत म्हणता. नक्की कुठे आहेत? पुढे, शेजारी, की मागे?’

हशा पिकला.

‘हिरवं आहे ते सगळं आपलं, सन्माननीय सदस्या,’ मंत्री म्हणाले.

‘शेत हिरवं असतं तसं शेवाळंही हिरवंच असतं हो. पाय ठेवल्यावर कळतं. पत्रं दाखवा.’

‘पत्रं गोपनीय आहेत.’

पुन्हा गलका. सभापतींनी हातोडा आपटला, वीस मिनिटांची सुट्टी जाहीर केली. लोक चहाला उठले. तेवढ्यात गॅलरीच्या दारात शिपाई आला. ‘नकाशावाल्या बाई कोण? खालचा कोपरा सुटलाय, चला.’

जिना उतरताना तिचे पाय हलके पडत होते. सभागृहात, प्रत्यक्ष खाली, मंत्र्यांच्या बाकांमधून! हातात टाचण्यांची डबी. गालिचा इतका मऊ की आपलीच पावलं ऐकू येईनात. नकाशापाशी आजी एकटीच उभी होती, चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला लागेल इतकी जवळ.

‘तुम्ही काढलात?’

‘हो.’

‘सुरेख आहे. हात फार सफाईदार आहे तुमचा.’

तेवीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ती वाकून कोपऱ्याला टाचणी लावू लागली.

‘एक विचारू?’ आजीने करंगळी नकाशाच्या जवळ, पण न टेकवता धरली. ‘मी मुलांना चित्रकलाही शिकवायचे. या चार देशांवर रंगाचा एकच हात दिसतोय. इथे दोन. आणि हे सगळे अकरा... इथे तीन हात दिलेत तुम्ही. कडेला थर चढलाय बघा. का हो?’

टाचणी बोटात टोचली. सांगायला काय, रंग पातळ झाला होता म्हणावं, कोण तपासणार? नोकरी, आईची औषधं, सचिवांचं तोंड, सगळं एकदम डोक्यात आलं. आणि भाऊ. तो आत्ता बूट पॉलिश करत असेल, बावीस देशांच्या भरवशावर. उद्या कुठल्या तरी टेकडीवर तो मागे वळून बघेल आणि मागे माझा तिसरा हात असेल, नुसता रंगाचा. पण सांगितलं आणि तरीही युद्ध झालंच, तर? सगळे जाणारच असतील, तर मी फक्त त्याच्या छातीतली हवा काढून घेतली असं होणार नाही का? ताई, हे कशाला सांगितलंस गं...

सुट्टी संपल्याची घंटा वाजली. दारातून माणसं आत यायला लागली. त्यांत सचिवही होते, फायली छातीशी धरून, आणि त्यांनी तिला पाहिलं.

‘तीन हिरवे होते,’ ती म्हणाली. आवाज स्वतःचाच वाटेना. ‘आधी मी तीन लावले होते.’

आजी तिच्याकडे न बघता नकाशाकडेच बघत राहिली. ‘कुठे किती?’

‘गडद चार. मधले सात. फिकट अकरा.’

‘फिकट म्हणजे?’

‘भावना समजू शकणारे.’

आजीने चष्मा खाली ओढला, मान एकदाच हलवली आणि आपल्या बाकाकडे चालू लागली. सचिव जवळ आले होते. ‘काय विचारत होत्या त्या?’

‘रंगाबद्दल,’ ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

जिना चढताना ती जवळजवळ पळत होती. आतून काहीतरी उसळ्या मारत होतं, लहानपणी विहिरीच्या काठावरून पहिली उडी मारताना व्हायचं तसं, पाय सुटलेले आणि पाणी अजून लागलेलं नाही. आपण काय केलं हे? चांगलं की... काहीच समजत नव्हतं. फक्त नकाशा आता वेगळा दिसत होता. एवढ्या वरूनही तिला त्या हिरव्याखालचे तिन्ही थर स्वच्छ दिसत होते. इतरांना दिसत नाहीत कसे, याचंच तिला नवल वाटत होतं.

सभापतींनी आजीचं नाव पुकारलं. म्हातारी सावकाश उठली, घसा साफ केला. सभागृह शांत झालं. मतं कुठे पडतील, कुणी सांगावं. खाली सचिवांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं.

ती उभी होती. उभी कधी राहिली तिला आठवेना. पहारेकरी हाताने खुणावत होता, बसा बाई, बसा, आणि ती त्याला मान डोलावून हो म्हणत होती, बसते, बसते म्हणत होती, आणि कठड्याला घट्ट धरून तशीच उभी होती.