माझ्या पाठीवरचं मीठ

मित्रांनो, मला झाकण नाही आणि बूडही नाही, तरी मी डबाच आहे. पत्र्याचा, चौकोनी, कोपऱ्यांना गोल असलेला एक म्हातारा डबा. एके काळी माझ्या पोटात डुकराच्या मांसाची गुलाबी वडी होती. कारखान्यात मांस दळलं, त्यात मीठ, साखर आणि बटाट्याचं पीठ मिसळलं, माझ्यात ठासून भरलं आणि झाकण लावून मला वाफेत शिजवलं. माझ्या पाठीवर एक तक्ता छापला होता: उष्मांक तीनशे सोळा, प्रथिनं तेरा ग्रॅम, चरबी अठ्ठावीस, पिष्ट तीन आणि मीठ दोन पूर्णांक एक. तक्त्याच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘दर शंभर ग्रॅममागे’. मी मात्र तीनशे चाळीस ग्रॅमचा होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच झाला.

इतोमान या कोळ्यांच्या गावात, बंदरावर मित्सुए काकींची छोटी टपरी आहे. भाताची चौकोनी वडी, त्यावर मांसाचा परतलेला काप, त्यावर अंड्याची पोळी आणि भोवती समुद्री शेवाळाचा पट्टा, एवढाच तिथला पदार्थ. पण सकाळी होड्या परतल्या की काकींना श्वास घ्यायला फुरसत नसते. मला रिकामं केल्यावर त्यांनी फेकलं नाही. माझं बूड कापलं आणि त्यांचे यजमान कानसेई काकांनी माझ्या कडा कानस मारून गुळगुळीत केल्या. तेव्हापासून मी भाताचा साचा झालो. डाव्या हाताने मला धरायचं, उजव्या हाताने लाकडी ठोकळ्याने भात दाबायचा, की वडी तयार! पंधरा वर्षं मी हे काम केलं. अहो, नव्या डब्यांतली मांसाची वडी दुपारपर्यंत संपते, माझ्यातून निघणाऱ्या भाताच्या वड्या कधीच संपल्या नाहीत. याचा मला भारी गर्व होता.

पण काकींचा डावा अंगठा रोज एकाच जागी टेकायचा, नेमका त्या बारीक ओळीवर. पंधरा वर्षांत ती ओळ पार पुसून गेली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. एवढ्या मायेने घासलं जाणं कुणाला नको असतं?

यंदा वसंतात नगर कार्यालयाची वार्षिक तपासणी झाली आणि काकांचा रक्तदाब निघाला एकशे अठ्ठावन्न. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गावातल्या दरवर्षीच्या होड्यांच्या शर्यतीपर्यंत तो एकशे चाळीसच्या खाली आला नाही, तर वल्हं हातात घ्यायचं नाही. काका सतराव्या वर्षापासून या शर्यतीत आहेत. आता सत्तरी ओलांडलेल्यांच्या होडीत ते पहिल्या वल्ह्यावर बसतात आणि त्यांच्या ठेक्यावर बाकीचे नऊ म्हातारे वल्हवतात. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सोबत्यांनी वर मीठ चोळलं, म्हणाले, कानसेई, तू काठावर बसून आम्हाला पंख्याने वारा घाल.

दिवसभरात सहा ग्रॅमच्या आतच मीठ, असं पथ्य होतं. काकींनी लोणचं लपवलं, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनचं, सूप अर्ध्या वाटीवर आणलं आणि सोया सॉसची बाटली शेजारणीकडे ठेवून आल्या. मग चष्मा लावून त्यांनी, हाताशी होतो म्हणून, माझी पाठ वाचली. मीठ दोन पूर्णांक एक! त्यांना वाटलं, अख्ख्या डब्यात एवढंच? त्यांचा चेहरा असा काही फुलला! रोज अर्धा डबा दिला तर ग्रॅमभरच मीठ जाईल, असा हिशेब करून त्या काकांच्या ताटात जाडजूड काप वाढू लागल्या. काका खूश. पथ्य असावं तर असं, असं बंदरभर सांगत सुटले. आणि मी? मी फळीवरून आतल्या आत ओरडत होतो. पण डब्याचं कोण ऐकतं?

महिन्याने रक्तदाब मोजला, तर एकशे सहासष्ट. शर्यतीला सहा आठवडे उरले होते. काकांनी आपलं वल्हं उचललं आणि घरामागे नेऊन उभं केलं. काकींना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून त्या भांडी घासत बसल्या.

दुसऱ्या दिवशी नगर कार्यालयाची आरोग्यसेविका तामाकी घरी आली. काकींच्या हातच्या वड्या खाऊनच ती लहानाची मोठी झालेली. काय खाता, किती खाता, तिने सगळं विचारलं. काकींनी अभिमानाने मला पुढे केलं. तामाकीने मला उलटसुलट फिरवलं.

“काकी, हे आकडे कशाचे आहेत?”

“अख्ख्या डब्याचे. आणखी कशाचे असणार?”

तामाकीने फळीवरचा नवा डबा काढून माझ्या शेजारी ठेवला आणि ती बारीक ओळ वाचून दाखवली. “हे शंभर ग्रॅमचे आकडे आहेत, काकी. अख्ख्या डब्यात सात ग्रॅमच्या वर मीठ आहे. चरबी म्हणाल, तर पंचाण्णव ग्रॅम.”

काकींनी माझ्या पाठीवरची गुळगुळीत जागा पाहिली आणि मग आपला डावा अंगठा पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे पथ्य म्हणून मीच यांना आजारी पाडत होते.”

काका म्हणाले, “अगं, पंधरा वर्षं अंगठा डब्यावर दाबलास, माझ्या गळ्यावर नाही. रडतेस काय?” आणि स्वतःच नाक शिंकरायला बाहेर गेले.

काकींनी मला वरच्या फळीवर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. नव्या डब्याचं बूड कापून त्याला कामाला लावलं. मित्रांनो, ते दिवस वाईट गेले. खाली भाताची वाफ यायची आणि मी धूळ खायचो. पण त्या नव्याच्या कडांना कानस कुठे मारली होती? तिसऱ्या दिवशी काकींचं बोट कापलं. मग त्यांनी मला उतरवलं, धुतलं, आणि खिळ्याने त्या पुसलेल्या जागी ठळक आकडा कोरला, शंभर. दुखलं खरं, पण मी आनंदाने सोसलं.

आता मांसाचे काप पातळ झाले. ते आधी उकळत्या पाण्यात टाकून, पाणी ओतून देऊन मगच तव्यावर जायचे, म्हणजे थोडं मीठ आणि थोडी चरबी पाण्याबरोबर निघून जाते. काकांना आठवड्यातून दोनदाच, एकच काप. बाकीचे दिवस कारलं, टोफू आणि अंडं. काकांनी कुरकुर केली, पण ताट स्वच्छ केलं आणि रोज संध्याकाळी बंदराला दोन फेऱ्या मारल्या.

शर्यतीच्या सकाळी टपरी किनाऱ्यावर, एका तंबूत मांडली होती. शर्यतीची वर्दी देणाऱ्या काशाच्या थाळ्या घणघणत होत्या. तामाकीने काकांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे सेहेचाळीस! काकींचा चेहरा पांढराफटक पडला. तामाकी म्हणाली, काकी, तुम्ही जरा तंबूमागे जा, तुमच्याकडे बघूनच वाढतोय. काकी गेल्या. काका डोळे मिटून पाच मिनिटं गप्प बसले. पुन्हा मोजला. एकशे छत्तीस. काका धावतच सुटले, तेव्हा तामाकीला मागून ओरडावं लागलं, “काका, पट्टा सोडा आधी!”

चार होड्यांत त्यांची तिसरी आली. पण पहिल्या वल्ह्याचा ठेका एकदाही चुकला नाही, हे मी स्वतः पाहिलं. ओलेचिंब झालेले दहाही म्हातारे टपरीवर आले. काकींनी माझ्यातून दहा वड्या पाडल्या, वर पातळ काप ठेवले. एकाने कुरकुर केली, काय गं वहिनी, काप आहे की कागद? तेव्हा काकांनी मला हातात घेतलं आणि माझी पाठ मोठ्याने वाचली, कोरलेल्या शंभरासकट.

जो तो मनात आकडेमोड करू लागला. शेवटी काकांना पंख्याने वारा घालायला सांगणारा सोबती हळूच म्हणाला, “मी तर रोज अख्खा डबा खातो.”

हसावं की नाही, कुणालाच कळेना. तामाकीने पुन्हा यंत्र उघडलं, आणि त्या नऊ ओल्या म्हाताऱ्यांनी बाह्या सरसावून तिच्यासमोर रांग लावली.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद आला, तर त्याची पाठ वाचा. बारीक अक्षरंही वाचा. आणि ज्याच्यासाठी वाचता, त्याला शेजारी बसवून मोठ्याने वाचा.