पायरी उतरणारी ओळ

जयंती दोन दिवसांवर आली आणि वृषालीच्या पेटीचं पितळ उघडं पडलं.

ईट गावच्या बुद्धविहारात महिला मंडळाची गाण्याची तालीम चालली होती. गायला केशरबाई, वृषालीच्या चुलत सासूबाई. पेटीवर वृषाली. येडशीच्या पंचाक्षरी सरांनी तिच्याकडून वर्षभर पलटे घोटून घेतले होते: सारेग, रेगम, गमप. वृषाली बाईसाहेबांनी ते पाढ्यांसारखे म्हटले आणि सोडून दिले. गाणं बसवताना मात्र पट्ट्यांवर स्केचपेननं आकडे घातले आणि अख्खी चाल फोन नंबरासारखी पाठ केली.

त्या दिवशी केशरबाईंचा घसा बसला होता. त्यांनी नेहमीपेक्षा खालचा सूर धरला आणि वृषालीचे आकडे कुचकामी ठरले. गाणं एकीकडं, बोटं भलतीकडं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"उद्या सांजच्याला परत बघू," कार्यक्रमाची जबाबदारी घेतलेले आबाराव म्हणाले. "न्हाय जमलं तर भूमच्या पेटीवाल्याला फोन लावतो."

घरी येऊन वृषाली रडली. जयंतीला पेटीवर मी बसणार, असं तिनं साऱ्या माहेराला सांगून ठेवलं होतं.

सकाळी भाकऱ्या थापताना ती चिडून तीच ओळ गुणगुणत होती. पमग, मगरे, गरेसा. थापता हात थांबला. अगं बाई, हा तर पलटाच! एकच तुकडा, दर खेपेला एक पायरी खाली. एवढे स्वर सुटे सुटे पाठ करायची गरजच नव्हती. सा सापडला की पुढचं आपोआप उतरत येतं. तव्यावरची भाकरी करपली, तिकडं तिचं लक्षच नव्हतं. तिनं ओल्या फडक्यानं आकडे पुसले आणि दुपारभर ती ओळ काळी एकपासून, पांढरी चारपासून, सुचेल तिथून वाजवली. दर वेळी पट्ट्या वेगळ्या, चाल तीच. तिला स्वतःच्या खुळेपणाचं हसू आलं.

संध्याकाळी केशरबाईंनी सूर धरला. वृषालीनं सा चाचपला, एकदा चुकली, मग तिला तो सापडला. गाणं शेवटपर्यंत गेलं. आबारावांनी पसंतीची मान हलवली.

"काकी, जयंतीला कुठला सूर धरणार?" तिनं विचारलं. "आधी सांगा, म्हंजी घोळ व्हायचा न्हाय."

"आता कशाला सांगू?" केशरबाई म्हणाल्या. "महिनाभर तुज्या आकड्यांपायी म्या वरच्या सुरात गळा ताणीत हुते. त्यानंच बसला घसा. आता माज्या गळ्याला जमंल तिथनं गाते. तू ये मागनं."