पट्टीखालचं नाव

"हे खिडकीशी धरू का जरा?" असं विचारून तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. संग्रहालयातला कारकून "जपून हं" म्हणेपर्यंत सत्तर वर्षांपूर्वीचं पोस्टर उन्हात होतं.

गावभर तिला पोस्टरवालीच म्हणत. संगीत सभागृहाच्या शताब्दीच्या मैफलीचं पोस्टर जुन्या पोस्टरांवरून करायचं, म्हणून आठवडाभर ती इथे धूळ खात होती. या पोस्टरावर चार वादकांची नावं होती आणि पाचव्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. उजेडात पट्टीखालची अक्षरं उमटली. बाईचं नाव होतं. व्हायोलिन.

सभागृहाच्या जुन्या नोंदवहीत त्या नावापुढे एकच शब्द होता, 'आजारी'.

तिचं कशात लक्ष लागेना. कामाला बसली की उठे, चहा ठेवून विसरे. शेवटी विचारत विचारत तिने त्या बाईंची धाकटी बहीण शोधून काढली. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटीच राहायची.

"आजारी कसली?" म्हातारी म्हणाली. "ताई तयार होऊन मागच्या दारापर्यंत गेली होती. मी होते बरोबर. ते चौघे वादक म्हणाले, बाईच्या शेजारी बसणार नाही. मग आम्ही चालत घरी आलो."

"पुढे वाजवलं त्यांनी?"

"घरात. दारं लावून."

पोस्टरवालीने तीन दिवसांत पोस्टर केलं. जुनाच कागद, जुनीच अक्षरं, फक्त पट्टी अर्धी सोललेली आणि खाली ते नाव. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी ते बराच वेळ पाहिलं.

"सुंदर झालंय. पण शंभरीला जुनी धुणी कशाला धुवायची? नाव काढा, बाकी राहू दे."

"नाव काढलं तर उरतं काय साहेब?"

काम दुसऱ्याकडे गेलं. तिने छापलेली एकुलती एक प्रत गुंडाळली आणि तडक शिंप्याच्या दुकानाचा जिना चढली. हे कुठे लागणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं.

म्हातारीने चष्मा लावला, नावावरून बोट फिरवलं.

"दुसरी वेलांटी हवी इथे. पहिली छापलीय."

"जुन्या पोस्टरावर तशीच होती, आजी."

"असेल. कुणी वाचायच्या आधीच झाकलं ना, चूक सांगणार कोण?"

पोस्टरवालीने पिशवीतून पेन काढलं. आठवडाभर भिरभिरणारी ती आता जमिनीवर मांडी घालून बसली आणि श्वास रोखून तिने ती एक वेलांटी नीट केली.

कागद फडफडू नये म्हणून शाई वाळेपर्यंत म्हातारीने पंखा बंद ठेवला.