जंबेरीच्या काट्यावर वाजलेली गवळण

मित्रांनो, मला विजेची तार लागत नाही की सेल लागत नाहीत. कुशीतली चावी पिळली की मी गाऊ लागतो. मी सौंसरच्या रघुनाथरावांचा ग्रामोफोन. गावात मात्र या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. सगळे मला चाबीचा बाजा म्हणत. सुरुवातीला राग यायचा, पुढे सवय झाली.

संत्र्याचा पहिला बहार विकला तेव्हा रघुनाथरावांनी मला नागपूरहून आणलं, छोट्या रेल्वेनं, सगळी वाट मांडीवर धरून. त्यांच्या पत्नीला, जयवंताबाईंना, गाण्याचं भारी वेड. दिवेलागणीला त्या मला ओसरीवर मांडत आणि अर्धी गल्ली गोळा होई. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी फार मिजास केली. पण वर्षं गेली तशा तबकड्या गेल्या. काही उन्हानं वाकल्या, काही मुलांच्या हातून फुटल्या. एका बाईंनी गायलेली एक गवळण तेवढी उरली. जयवंताबाई वारल्या त्या दिवशी रघुनाथरावांनी माझं झाकण लावलं आणि मला कापसाच्या खोलीत ठेवून दिलं. नऊ वर्षं मी तिथं बोंडांची धूळ खात बसलो.

त्र्याऐंशी साली कापूस जिनिंगला गेला, खोली रिकामी झाली आणि मी सापडलो वत्सलाला. ही रघुनाथरावांची सून, लोधीखेड्याची, लग्न होऊन वर्ष झालेलं. भाकरी थापतानासुद्धा गुणगुणायची. सासऱ्यासमोर मात्र तोंडातून अक्षर निघत नसे. त्या घरात सून सासऱ्याशी सरळ बोलत नसे, आणि सासराही निरोप द्यायचा तो मुलाकरवी. वत्सलानं नवऱ्याला, मधुकरला, माझ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, बापूंची वस्तू आहे, हात लावू नको. म्हणजे हात लागणार हे नक्की झालं!

दुपारी घरात कुणी नाही असं पाहून तिनं मला पुसलं, चावी दिली. माझ्या सुयांची डबी केव्हाच रिकामी झाली होती. म्हणून तिनं गोधडी शिवायची सुई माझ्या तोंडात बसवली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझा आवाज दुसऱ्याच्याच गाण्याचा. तबकडी फिरली. पन्नास वर्षांपूर्वीची ती बाई, पेटी आणि सारंगी एवढ्याच साथीवर गाऊ लागली, आणि वत्सलाचा हात हवेतच थांबला. असं गाणं तिनं रेडिओवर कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या ओळीला सुई कर्रकन रुतली. वत्सलानं घाबरून ती उचलली तोवर तबकडीवर लांब ओरखडा पडला होता.

दारात रघुनाथराव उभे होते. त्यांनी तबकडीकडे पाहिलं आणि ते बागेकडे निघून गेले.

वत्सला त्या दिवशी जेवली नाही. मेलेल्या सासूची एकुलती एक आठवण आपण नासवली, हेच तिच्या मनात. मधुकर म्हणाला, आता बापू वर्षभर बोलणार नाहीत. एरवी तरी ते तिच्याशी कुठं बोलत होते!

दुसऱ्या दिवशी दुपारी रघुनाथराव बागेतून आले आणि माझ्यासमोर बसले. दुपट्ट्याची गाठ सोडली. आत वाळलेले काटे होते, जंबेरीचे. संत्र्याचं कलम ज्या खुंटावर बांधतात, त्या झाडाचे. एक काटा त्यांनी दगडावर घासून टोकदार केला आणि मग सुनेकडे सरळ पाहिलं.

"सूनबाई, गोधडीची सुई तबकडी कापते. लढाईच्या टायमाले सुया भेटत नोहत्या, तवा तुही सासू हेच काटे लावे. घे, तूच लाव."

वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी तिला हाक मारली होती. वत्सलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामाजी, माह्या हातानं अजून खराब झाली तं?"

"लाव."

तिनं काटा बसवला आणि हलकेच टेकवला. काट्यावर माझा आवाज बारीक येतो, पण काय गोड येतो! दुसऱ्या ओळीला ओरखडा आला. टक, टक, टक. वत्सलानं मान खाली घातली.

रघुनाथराव डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "पह्यले या गवळणीत जयवंता एकटीच होती. आता तू बी हायस. राहू दे."

मित्रांनो, माझं आयुष्य काही फार मोठं नाही, पण अशी माणसं मला मिळाली. तुमच्याही घरात एखादी म्हातारी वस्तू असेल. ती उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तिला काय चालतं ते त्यालाच ठाऊक असतं. आणि चुकून ओरखडा पडलाच, तर पळू नका. तिथंच थांबा, ते माणूस परत येईपर्यंत.