उतरवून घ्या

त्या सकाळी मिस्त्री जरा लवकरच येऊन उभा राहिला होता, आणि खरं सांगायचं तर शाबासकीसाठीच उभा होता. केस पिकले तरी माणसाची ही हौस काही जात नाही. मधलं दालन त्याने स्वतः झाडून घेतलं होतं. भिंतींना आधीच कापड लावून ठेवल्यामुळे त्यांच्यावर एक ओरखडा उठला नव्हता. आणि डोक्यावरचं ते म्हातारं छत, ज्याने त्याची झोप उडवली होती, ते कुणाच्याही केसाला धक्का न लावता खाली आलं होतं. वर आता नुसत्या तुळया आणि कौलांची उलटी बाजू.

इमारत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. आधी दवाखाना, मग कसलंसं कार्यालय, मग बरीच वर्षं कबुतरांची जहागीर. आता तिथे वाचनालय व्हायचं होतं. जुनं होतं तसं नीट करायचं आणि नव्या कामाला लावायचं, असा सगळा बेत. तो बेत आखणारी आर्किटेक्ट म्हणजे मिस्त्रीचीच मुलगी. तिचं हे पहिलं मोठं काम. गावातल्या जुन्या वास्तू सांभाळणारं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाने बरेच आढेवेढे घेत तिच्यावर विश्वास टाकला होता. तिने बापाचीच टोळी कामाला लावली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. "काम वाकडं निघालं तर सगळ्यात आधी त्यांनाच घरी पाठवीन," असं तिने भर बैठकीत सांगितलं होतं. हे ऐकून मिस्त्रीला राग यायला हवा होता, पण त्याची छाती फुगली होती.

दोघांत एक ठरलेलं होतं. कामावर ती 'मॅडम' आणि तो 'मिस्त्री'. 'बाबा' फक्त घरी.

मिस्त्रीचं सगळं आयुष्य नव्या घरांत गेलं. जुन्या इमारतीला हात लावायची ही पहिलीच खेप, आणि इथे येऊन त्याने एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकला होता. दारं उतरवून घ्या, दुरुस्तीला द्यायचीत. खिडक्या उतरवून घ्या. गंजलेला नळ उतरवून घ्या. तो उतरवत गेला. मग मुलगी आठवडाभर बाहेरगावी गेली, जुन्या धर्तीच्या फरश्या बघायला, आणि जाता जाता फोनवर म्हणाली, "मिस्त्री, मधल्या दालनाचं छत तेवढं नीट उतरवून घ्या. सोमवारी मंडळ बघायला येतंय."

छत लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा देऊन केलेलं होतं. त्यावर द्राक्षांचे वेल, मध्ये मोठं फूल, चार कोपऱ्यांत चोचीत पान धरलेले पक्षी. दिसायला देखणं, पण भेगा पडलेल्या आणि रोज पावडर झडायची. मिस्त्रीला वाटलं, सुटलो बुवा!

टोळीतल्या एका गवंड्याला सगळे 'टेकू' म्हणायचे, कारण कशाला तरी टेकल्याशिवाय तो उभाच राहात नसे. पहिला घाव घालायच्या आधी तो खांबाला टेकून म्हणाला होता, "मिस्त्री, एवढं नक्षीचं काम आहे. एकदा फोन करून विचारा की."

"मला शिकवू नकोस," मिस्त्री म्हणाला होता. "तीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

तर तो असा शाबासकीची वाट बघत उभा असताना मुलगी आली. दारातच तिने मान वर केली आणि तशीच राहिली. खांद्यावरची पिशवी सरकून खाली पडली, तिच्या ते ध्यानातही आलं नाही. तोंड पांढरंफटक. घरून काही वाईट बातमी आली, असंच मिस्त्रीला वाटलं.

"काय झालं?" तो धावत पुढे गेला. "कोण गेलं?"

तिने बोट वर केलं. "छत," ती म्हणाली. "छत कुठंय?"

"उतरवलं की! सांगितलंस तसं. बघ, भिंतीला खरचटलंसुद्धा नाही."

"उतरवलं म्हणजे? ठेवलंय कुठे?"

इथे मिस्त्रीला हसू आलं. काटकसरीचं कौतुक अजून व्हायचंच होतं. "वाया कशाला घालवायचं? या दालनात भराव घालायचाच होता. तुझ्या पायाखाली आहे सगळं."

तिने पायांकडे पाहिलं आणि विस्तवावर पाय पडावा तशी मागे सरली. मग भिंतीला हात लावून खाली बसली.

"बाबा," ती म्हणाली. कामावर पहिल्यांदाच. "बाबा, मी नक्षी उतरवून घ्या म्हणाले होते. कागदावर! मोजून, चित्र काढून. त्याशिवाय दुरुस्तीच सुरू करायची नाही, ही मंडळाची अट आहे."

मिस्त्रीला आधी शब्द कळले, अर्थ मागाहून आला. आला तेव्हा त्याचे कान बंद झाल्यासारखे झाले.

"तू कागद म्हणाली नाहीस," तो पुटपुटला. "नक्षीही म्हणाली नाहीस. छत म्हणालीस."

"मी शाळेत होते तेव्हा रोज संध्याकाळी तुम्ही काय विचारायचात? फळ्यावरचं उतरवून घेतलंस का? मी काय फळा काढून आणायचे घरी?"

हे तो खरंच रोज विचारायचा. स्वतः चौथीतून विटांकडे गेलेला माणूस. मुलीच्या अभ्यासातलं त्याला तेवढंच एक विचारता येत होतं.

"फोटो आहेत ना पण?" त्याने चाचरत विचारलं.

"फोटोत माप येत नाही. वेल किती बाहेर, पान किती खोल, कसं कळणार? साचा कशावरून करायचा?" तिने डोळे पुसले. "मंडळ येईल आता. हे काम गेलं तर कुणी मला जुन्या इमारतीच्या पायरीवरसुद्धा उभं करणार नाही. बरोबरच आहे म्हणा."

मिस्त्री वळला आणि त्याने असा आवाज दिला की टेकूसुद्धा सरळ उभा राहिला. "पहारी आणा! जमीन उकरा! सगळे या!"

सगळे भरावावर तुटून पडले. आणि मग मिस्त्रीला दुसरा धक्का बसला. भराव निघेना. थरावर थर, पाणी मारून, धुमसाने ठोकून बसवलेला. शेवटचे ठोके तर त्याने हौसेने स्वतः घातलेले. असं दणदणीत काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, काम जरा कच्चं केलं असतं तर किती बरं झालं असतं.

पहारीने तुकड्यांचा आणखी भुगा होतोय हे दिसल्यावर त्याने पहार फेकली आणि गुडघ्यांवर बसून हातांनी उकरू लागला. मुलगीही बसली. पक्ष्याची एक चोच मिळाली. द्राक्षांचे काही मणी. वेलीचा हातभर लांब तुकडा, बऱ्यापैकी धड. मधल्या फुलाचं काहीच नाही. ते पीठ होऊन गेलं होतं.

"ऐक," मिस्त्री हळूच म्हणाला. "आपोआप कोसळलं म्हणून सांगू. भेगा तर होत्याच. माझी माणसं शपथेवर सांगतील."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. छत बघितलं तेव्हासुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता. मग तोंड फिरवून ती पुन्हा माती चाळू लागली. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळ आलं ते अशा वेळी. पुढे अध्यक्षबाई, मागे दोन गृहस्थ. तिघांच्या माना एकदमच वर गेल्या. एका गृहस्थाच्या तोंडून विचित्र हसू फुटलं. धक्का बसला की काहींना फुटतं तसं. बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो खोकू लागला.

"हे कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"मी," मुलगी उठत म्हणाली. हात कोपरापर्यंत चुन्याने माखलेले. "मीच उतरवायला सांगितलं."

एवढंच. शब्दाची गफलत नाही, बापाचं नाव नाही. मिस्त्री बघतच राहिला. तोंडात तयार असलेलं खोटं त्याला गिळवेना आणि बोलवेना. शेवटी तो पुढे झाला.

"बाई, ती चित्र उतरवून घ्या म्हणत होती. मी छत उतरवलं. माणसं विचारा म्हणत होती, मी विचारलं नाही. घालवायचं तर मला घालवा."

बाईंनी आळीपाळीने त्या दोघांकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांचा आवाज मात्र थकलेला होता.

"लहानपणी मी या दालनात रांगेत बसून औषध घेतलंय," त्या म्हणाल्या. "सुई टोचताना आई म्हणायची, वर पक्षी बघ." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "मोजलेलं चित्र असतं, तर पुन्हा घडवता आलं असतं. शब्द कुणाचा चुकला ते तुमचं तुम्ही बघा. पण चित्राआधी हात लागला, तिथे अट मोडली. आजपासून या कामावर तुम्ही नाही. दोघंही."

मुलीने मान डोलावली. मंडळ गेलं. माणसं अवजारं गोळा करू लागली. टेकू कशालाही न टेकता नुसताच उभा होता.

मुलगी खिडकीशी जाऊन बाहेर बघत बसली. मागे कागदावर काहीतरी खरखरलं, म्हणून तिने वळून पाहिलं. मिस्त्रीने तिच्याच पिशवीतला मोठा कागद जमिनीवर पसरला होता. त्यावर वेलीचा तो धड तुकडा ठेवून तो पालथा पडला होता आणि जाड पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढत होता. पेन्सिलीची सवय त्याला लाकडावर खूण करण्यापुरती. रेघ थरथरत होती. पानाच्या खाचेत काडी घालून तो खोली मोजायचा आणि शेजारी आकडा लिहायचा.

"बाबा, काय करताय हे?"

"उतरवून घेतोय."

"कशाला? काढलंय आपल्याला."

"आपल्यानंतर जो येईल, त्याला लागेल." त्याने मान वर केली नाही.

ती उठून आली, त्याच्या शेजारी बसली आणि कागद सरकू नये म्हणून तिने एका कोपऱ्यावर हात ठेवला.