व्योमाच्या तळपायाची हळद

ए, ऐक. फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटेल आणि मग मलाच परत संताप येईल. ग्रुपवर जे आलंय ते वाचलंस ना? ते अर्धं आहे. आणि तेही आमोदने लिहिलेलं अर्धं. आता अपूर्वाचं ऐक.

तर अपूर्वाकडे ती व्योमा होती. ‘नक्षत्रदल’ आठवतंय ना, रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं? त्यातली ती एक हात धातूचा असलेली वैमानिक, पांढरा सूट, पांढरे बूट, डोळ्यांवर वर-खाली होणारी निळी काच. तिची फिगर. पहिल्या लॉटची. पहिल्या लॉटमध्ये ती निळी काच खरंच वर-खाली होते, नंतरच्यांत नुसती रंगवलेली. त्यातही नंतर कोणीतरी काच हलणारे डुप्लिकेट काढले, म्हणजे घोळच घोळ. अपूर्वाच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनला तिने रडू नये म्हणून तिच्या बाबांनी ती आणलेली. ही रडली ती रडलीच, पण शुद्धीवर आली तेव्हा व्योमा उशीपाशी उभी होती. त्या दिवसापासून ती हिच्या टेबलावर. बाहुली म्हटलं की अपूर्वा अंगावर येते. फिगर म्हणायचं.

आणि आमोद आपला सहकारनगरचा आमोद. फिगर जमवणाऱ्यांच्या आपल्या ग्रुपचा तपासनीस. कोणी नेमलाय? कोणी नाही. डोक्याला तो बॅटरीचा पट्टा लावतो, भिंग घेतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो आणि डॉक्टरसारखा म्हणतो, “सांधे सैल आहेत.” झालं, सगळे गप. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात फिगर ठेवायची तर आधी आमोदने खरी म्हणायला हवी. अपूर्वा गेली घेऊन. तो म्हणाला, “ठेवून जा. घाईत होत नाही हे. आणि एक सांगतो, पुसून-बिसून आणली असशील तर मार्क जातील.”

“पुसलेली नाही,” अपूर्वा म्हणाली. “आईला सोडलं तर तिला कोणी हात लावत नाही.”

आईचं काय, तेही ऐक. अपूर्वाची आई दसऱ्याला घरातल्या कामाच्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावते. स्कूटर, मिक्सर, विळी, बाबांचा लॅपटॉप, वायफायचा डबा. वायफायचा डबा, हो! आणि व्योमा. “अगं ती एवढी लढते, तिची पूजा नको?” दरवर्षी अपूर्वा किंचाळायची, “आई, व्हॅल्यू जाते!” मग तडजोड अशी झाली की आई कपाळाला लावणार नाही, तळपायाला लावणार. उजव्या बुटाखाली, जिथे स्टँडची खुंटी बसायचं भोक असतं तिथे एक बोट हळद. कोणाला दिसत नाही. वर्षानुवर्षं. त्या भोकात आणि बुटाच्या नक्षीत हळद अशी मुरलीय की विचारू नकोस.

तर आमोदने दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्योमा परत दिली, बबल रॅपमध्ये गुंडाळून, सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करून. “सॉरी. डुप्लिकेट आहे. बाबांना फसवलं कोणीतरी. होतं असं.”

अपूर्वा घरी आली, व्योमाला टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बाबांना सांगितलंसुद्धा नाही. कसं सांगणार, की तुम्ही आणलेली खोटी होती?

दुसऱ्या दिवशी दसरा. आईचं ताट घेऊन फिरणं चालू. स्कूटर झाली, मिक्सर झाला, आई हिच्या खोलीत आली. अपूर्वा म्हणाली, “लाव कुठे लावायची तिथे. कपाळाला लाव. आता कसली व्हॅल्यू.” आईने सवयीने व्योमाला उलटं केलं, बोट हळदीत बुडवलं आणि थांबली.

“अपू, हिच्या पायाखालची हळद कुठे गेली गं?”

“त्याने पुसली असेल.”

“मी गेल्या वर्षी टूथब्रशने घासली होती, तू आरडाओरडा केलास म्हणून. निघाली नाही. त्याने काय ॲसिड घातलं?”

अपूर्वा उठून बसली. बूट पांढराफेक. भोक पांढरं. नक्षीच्या रेघासुद्धा पांढऱ्या. तिने काच वर-खाली केली. हिची काच डाव्या बाजूला जरा अडकायची, लहानपणापासून. ही लोण्यासारखी हलली.

मग काय! ती व्योमा पिशवीत टाकली आणि तोंडसुद्धा न धुता निघाली. स्कूटरच्या हँडलला झेंडूची माळ, आरशावर कुंकवाचं बोट, आणि ही मार्केट यार्डाच्या सिग्नलला उभी राहून हेल्मेटच्या आत मोठ्याने शिव्या देतेय. शेजारचा टेम्पोवाला म्हणाला, “ताई, सणाचा दिवस हाय.” ही म्हणाली, “म्हणून तर कमी देतेय!”

दार आमोदच्या आईने उघडलं. सुहासिनीकाकू. जरीचे काठ असलेली साडी, हातात श्रीखंड ढवळायचा डाव. आता राग कितीही असो, दसऱ्याला रिकाम्या हाताने कसं जाणार, म्हणून हिने खालच्या फुलवाल्याकडून आपट्याची पानं घेतली होती. काकूंच्या हातात पानं ठेवली, वाकून नमस्कार केला. “सोनं घ्या काकू.”

“सोन्यासारखी राहा. ये, ये. आमोद आत आहे. श्रीखंड खाऊनच जायचं हं.”

आमोद आत आपल्या काचेच्या कपाटासमोर. आणि कपाटात, मधल्या फळीवर, स्टँडवर कोण उभी? व्योमा.

“ही कुणाची?” अपूर्वाने विचारलं.

“माझी. जुनी आहे.”

“मागच्या वेळी नव्हती.”

“आतल्या कपाटात होती. तुला सगळं दाखवायला मी काय संग्रहालय काढलंय?”

अपूर्वाने कपाटाची काच सरकवली. तो ओरडला, “ए, हात लावू नकोस!” तोवर हिने उचललीसुद्धा. उलटी केली. उजवा बूट पिवळा. भोक पिवळं. नक्षीच्या रेघा पिवळ्या. काच वर केली तर डाव्या बाजूला अडकली.

आणि आमोद काय म्हणाला माहितीये? हसून म्हणाला, “जुनं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतंच. बेसिक आहे. ऑक्सिडेशन म्हणतात. वाचत जा जरा.”

वाचत जा! तिला! अपूर्वा म्हणते, तिला त्या क्षणी त्याच्या डोक्यावरचा तो बॅटरीचा पट्टा त्याच्याच गळ्यात आवळावासा वाटला. पण ती व्योमाला घेऊन सरळ बाहेर बेसिनपाशी गेली. “काकू, कपड्याचा साबण आहे का?”

“आहे की, मोरीत. काय सांडलं गं अंगावर?” म्हणत काकू वडी घेऊन आल्या. आमोद मागे धावत, “आई, देऊ नकोस, ती माझी फिगर खराब करतेय!”

अपूर्वाने बोट ओलं केलं, वडीवर घासलं आणि व्योमाच्या बुटावर चोळलं. बस. एका क्षणात लाल. पिवळ्याचं लालभडक, कुंकवासारखं. आता तू सांग, आपल्या घरात कोणाच्या साडीवर, टॉवेलवर हा डाग पडला नाही? साबण लागला की हळद लाल होते हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. याला भिंगातून सगळं दिसतं, हे माहीत नाही! कपडे कधी धुतलेत त्याने?

आणि काकू पटकन बोलून गेल्या, “अगंबाई, ही तर हळद आहे!”

बोलल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. साबणाची वडी हातातच.

आमोद म्हणाला, “असेल! आपल्याकडेपण हळद असते. आई, तूच लावली असशील ना मागच्या दसऱ्याला?”

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. “मी? तुझ्या कपाटाला हात लावू देतोस तू मला? धूळ झटकायला गेले तर घर डोक्यावर घेतोस.”

“आई, तू आत जा.”

“माझ्या घरात मी कुठे जायचं ते मला सांगू नकोस.”

पण एवढंच. अपूर्वाने पिशवीतून ती दुसरी व्योमा काढली, लोण्यासारख्या काचेची, आणि त्याच्या स्टँडवर नीट उभी केली. “ही तुझी. डुप्लिकेट आहे. तूच तपासलीस.”

आणि वळताना तिला खालच्या फळीवर काय दिसलं? यंत्रू. ‘नक्षत्रदल’मधला तो पोट उघडणारा यंत्रमानव. आपल्या ग्रुपमधली धायरीची मैत्री आहे ना, तिचा यंत्रू श्रावणात यानेच डुप्लिकेट ठरवून परत पाठवला होता. तेव्हापासून मैत्री त्याच्या पोटात पेनं ठेवते. अपूर्वाने यंत्रू उचलला, उलटा-सुलटा केला. काहीच खूण नाही. मैत्रीच्या घरचे बौद्ध, त्यांच्याकडे वस्तूंना हळदकुंकू कोण लावणार? दसऱ्याला ते सगळे पांढरे कपडे घालून विहारात जातात. यंत्रू तिचा हे अपूर्वाला पक्कं कळत होतं आणि सिद्ध काही करता येत नव्हतं. तिने तो परत ठेवला. अजून दात-ओठ खाते त्यावरून, का ठेवला म्हणून.

काकू लिफ्टपर्यंत आल्या. हातात अजून आपट्याची पानं, चुरगळलेली. लिफ्ट आली, दार उघडलं, तेव्हा हळूच म्हणाल्या, “विचारलंस तर मी खोटं बोलणार नाही, अपूर्वा. पण विचारू नकोस गं.”

हिने मान हलवली. हो पण नाही, नाही पण नाही, अशी.

घरी पोचेपर्यंत आमोदचं ग्रुपवर आलं होतं. तू वाचलंस ते. “दसऱ्याच्या दिवशी माझ्या घरी येऊन, माझ्या आईच्या हातचं श्रीखंड खाऊन, माझी फिगर उचलून नेली. हळदीचं म्हणाल तर घरी जाऊन कोणीही लावेल.” आणि खाली सगळ्यांचे अंगठे! एकानेसुद्धा हिला फोन केला नाही. आणि गंमत म्हणजे, चोर म्हटल्यापेक्षा तिला जास्त झोंबलं काय तर श्रीखंड. “एक चमचासुद्धा खाल्लं नाही मी! वाटी बघितली नाही!” असं मला फोनवर ओरडून सांगत होती, मी कानापासून फोन लांब धरला.

तरी ती गप्प राहिली असती. खरंच. व्योमा परत आली होती, बाबांना काही कळलं नव्हतं. पण मग मैत्रीचा फोन आला.

“अपूर्वा, खरं सांग. माझा यंत्रू आहे तिथे?”

“आहे. पण मी दाखवू शकत नाही की तो तुझाच.”

मैत्री म्हणाली, “मी पप्पांना काय म्हणाले होते माहितीये? म्हणाले होते, पप्पा, तुम्हाला साधा दुकानदारसुद्धा गंडवतो. ते नुसते हसले गं. परत कधी विषय काढला नाही त्यांनी.”

आता अपूर्वा टेबलाशी बसलीये. समोर व्योमा, बुटाखाली साबण धुतल्यावर परत पिवळी झालेली हळद, आणि त्यावर आईने लावलेलं या वर्षीचं ताजं बोट. म्हणजे पुरावा म्हणून तेही गेलं, कोण मानणार? उरल्या फक्त काकू. त्यांचा नंबर आहे हिच्याकडे. खडकवासल्याला ग्रुप जमला होता तेव्हा आमोदचा फोन लागेना म्हणून त्यांनी हिलाच केला होता, “पोचला का गं माझा मुलगा?” असं विचारायला. त्याच नंबरवर फोन लावायचा, ग्रुप कॉलवर घ्यायचं आणि एवढंच विचारायचं, काकू, बुटाखाली काय होतं? त्या खोटं बोलणार नाहीत. त्यांनी तसं सांगितलंय. आणि विचारू नकोस हेही त्यांनीच सांगितलंय.

नंबर उघडा आहे, बोट वर आहे, आणि मैत्री दर थोड्या वेळाने मेसेज करतेय, “विचारलंस?”

हं, आता बोल. तू काय केलं असतंस?