चारचौघांत तोंड उघडायचं नाही

त्या दिवशी गुणीने शाळेच्या एका शर्टाला काजं केली. पाठीवर केली, बाहीवर केली, कॉलरलासुद्धा केली. बटणपट्टी तेवढी कोरी राहिली.

"शर्ट आहे का चाळण?" भाऊ खेकसला. शिंपी माणूस, गणवेशांची ऑर्डर डोक्यावर. बायकोला म्हणाला, "हिला डॉक्टरला दाखवून आण. जेवत नाही, झोपत नाही. हिचा हात थांबला तर दुकान बसेल आपलं."

गुणी त्याची थोरली बहीण. सात वर्षांची असताना तापात कान गेले. बोलता यायचं, पण सूर वेडावाकडा निघायचा, पोरं खिदळायची. आईने दटावलं, चारचौघांत तोंड उघडायचं नाही. आई गेली, दटावणी राहिली. नाव पडलं गुणी. "आमच्या घरात उलट न बोलणारी ही एकटीच!" भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचा. सगळे हसायचे. तिला ओठ वाचता येतात हे ठाऊक असूनही.

घरात खुणा होत्या. इस्त्रीची, जेवणाची, 'आटप लवकर'ची. जीव नकोसा झालाय, याची खूण कुणी केलीच नव्हती. शेवटी तिनेच एक केली. छातीतून धागा ओढायचा आणि दाताने तोडायचा. भावजयीला अर्थ बरोबर कळला. त्याच दिवशी तिने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टर मास्क लावून बसलेले. नजर भावजयीकडे. त्यांनी काहीतरी विचारलं असावं.

गुणीने धागा ओढला. तोडला. आणि भावजयीच्या ओठांकडे बघत राहिली.

"शिवताना हाताला कळ लागते म्हणते," भावजय म्हणाली.

गुणीने तिचा दंड धरला. पुन्हा ओढला, पुन्हा तोडला.

"आणि भूक नाही म्हणते."

डॉक्टर मान खाली घालून टॉनिक लिहायला लागले. भावजय गुणीकडे वळली. आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "गप बसा वन्सं. घरात वेडी आहे कळलं तर माझ्या पोरीला कोण करून घेईल?"

ती उठली. गुणी उठली नाही. पुढचा पेशंट आत येऊन खोकत उभा राहिला. भावजयीने दंडाला हिसका दिला. गुणीने टेबलाची कड घट्ट धरली आणि तोंड उघडलं.

"मरायचंय."

फाटका, घोगरा, भलत्याच पट्टीतला आवाज. खोकणाऱ्याला हसू फुटलं.

"अशीच ओरडते हो ती, लक्ष नका देऊ!" भावजय घाईने म्हणाली.

"मला. मरायचंय. रोज."

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. दोघांना हाताने बाहेर जायला सांगितलं. मग मास्क हनुवटीखाली ओढला आणि सावकाश विचारलं,

"कधीपासून?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सांगायला तिच्याजवळ बोली होती ती सात वर्षांच्या पोरीची.

"आई म्हणाली, बोलायचं नाही. मी नाही बोलले. मी गुणी आहे ना?"